चार दिवसांची कारागिरी

शी! खोकं उघडलं तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द हाच निघाला. आत भोकाभोकांच्या पत्र्याला एक पाल चिकटून वाळली होती, शेपटीसकट, पार चपटी. तिच्या खाली झुरळांची अंडी, कोपऱ्यात उंदरानं केलेलं चिंध्यांचं घरटं, आणि सगळ्यावर तेलकट धुळीचा बोटभर थर. वास तर विचारूच नका. आमचे हे मात्र देवळात उभं राहावं तसे हात बांधून उभे. म्हणाले, "अगं, विलायती माल हाय. नाक काय मुरडती?"

"पाल तर आपल्या राहुरी तालुक्यातलीच दिसती की," मी म्हणाले, आणि पदर नाकाला लावून चिमट्यानं तिला उचलून बाहेर टाकलं.

खोकी दोन होती. कमरेइतकी उंच, पुढून पितळी जाळी. कुठल्याशा दवाखान्यातला गोरा डॉक्टर मायदेशी परत गेला, तेव्हा त्याचं सामान विकायला निघालं. देवळाली प्रवऱ्याच्या एका बागायतदारानं त्यातून अंघोळीचा लोखंडी टब, एक बिनकाट्यांचं घड्याळ आणि ही खोकी उचलली. टबात बैलांची पेंड भिजायला लागली. खोकी चार वर्षं कडब्याच्या खोलीत पडली. आता लेकाचं लग्न ठरलं, तेव्हा त्यांना आठवण झाली की आपल्याकडे विलायती वाजायचं काहीतरी आहे.

खोकी म्हणजे स्पीकर, पण यात नेहमीच्या स्पीकरसारखा कागदी कोन नसतो आणि लोहचुंबकही नसतं. भोकाभोकांचे दोन पत्रे, आणि त्यांच्या मधे कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा पातळ प्लास्टिकचा पडदा ताणलेला. त्या पडद्याला हजारो व्होल्टचा दाब द्यायचा आणि पत्र्यांना अँप्लिफायरमधून गाणं सोडायचं, की तो सबंध पडदाच हलतो आणि गातो. दाब द्यायचा ट्रान्सफॉर्मर जळून कोळसा झालेला, अँप्लिफायरचे निम्मे काचेचे व्हॉल्व्ह गेलेले आणि पडद्यांच्या उंदरांनी चिंध्या केलेल्या. थोडक्यात सांगायचं तर आत काही म्हणता काही धड नव्हतं.

आमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान नगरात माळीवाड्याच्या अंगाला. पुढं दुकान, मागं घर, आणि दोन्हीच्या मधे अडगळीची खोली. त्या खोलीला दाराऐवजी एक पडदा, मेणचटलेला. महिन्यातून चार दिवस मी त्या खोलीत. कावळा शिवला की स्वयंपाकघर बंद, देवघर बंद, पाण्याच्या माठाला हात लावायचा नाही. सासूबाई लांबून ताट सरकवायच्या, कुत्र्याला सरकवावं तसं. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात ना. आमच्या घरी सुनेचे चार दिवस म्हणजे हे. पहिल्या वर्षी मी रडून काढले. दुसऱ्या वर्षी कंटाळून समोरच्या मेल्या रेडिओचे स्क्रू काढायला घेतले.

आणि कुणी काही म्हणेना! कारण बघायलाच कुणी आत येत नव्हतं. जळक्या तारा उलगडत, वेढे मोजत, कुठली तार कुठं जाते ते चुलीतल्या कोळशानं भिंतीवर काढत मी शिकले. यांना कळलं तेव्हा आधी चिडले, मग माझ्या हातचा एक ट्रान्सफॉर्मर चालू झालेला बघून गप्प झाले. वेढे घालताना यांचं मन भरकटायचं, तीनशेचे साडेतीनशे व्हायचे. माझी पद्धत सोपी. शंभर वेढे झाले की एक चिंचोका वाटीत. सातवी पास बाई आणि चिंचोक्यांची वाटी, एवढ्यावर नगर शहरातले कितीतरी रेडिओ बोलत होते. पुढं दुकानात नाव यांचं. गिऱ्हाईक म्हणायचं, काय हात आहे हो तुमचा! हे मान खाली घालून हसायचे. मी पडद्यामागं दात-ओठ खात बसायची.

म्हणून ही खोकी आली तेव्हा मी सरळ सांगितलं. "हे काम मी करीन, पर एक अट. झालं की माझं टेबल पुढं दुकानात मांडायचं. रस्त्यावरून दिसंल असं."

"लोक काय म्हनतील?"

"मग तुमीच करा."

यांनी खोक्यात डोकावून बघितलं, त्या जळक्या ट्रान्सफॉर्मरकडे बघितलं, आणि म्हणाले, "बरं बाई, मांडतो. तुझ्या गळ्याची आन." माझ्या गळ्याची! स्वतःच्या गळ्याची घ्यायला काय झालं होतं? पण मला त्या वेळी तेवढंही पुष्कळ वाटलं. दसऱ्याला काम धरलं.

ट्रान्सफॉर्मरची तार केसाहून बारीक. श्वास जोरात सोडला तरी तुटायची. दर थराला मेणकागद, आणि शेवटी सगळं मधाच्या पोळ्याच्या मेणात बुडवायचं. चिंचोक्यांची वाटी भरली, मग दुसरी वाटी काढली. व्हॉल्व्ह आणि पडद्याचं प्लास्टिक यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलं. कुरडया घालताना बाजेवर धोतर ताणतो तसं मी ते बाजेच्या चौकटीवर ताणलं, सुरकुती म्हणून राहू दिली नाही. प्रश्न वरच्या लेपाचा होता. पडद्यावर वीज पसरायला काहीतरी लेप लागतो. यांनी पेन्सिलीच्या शिशाची पूड घासली. बटण दाबलं तर चटचट ठिणग्या, आणि पडद्याला भोक. दोनदा तसंच झालं. यांनी कपाळाला हात लावला.

मी न्हात होते तेव्हा सुचलं. रिठा! रिठ्याचं पाणी केसांवर वाळलं की केस भुरभुरत नाहीत, कंगव्याला चिकटत नाहीत. म्हणजे वीज एका जागी साचू देत नाही, पसरवते. मी रिठ्याचं पाणी गाळून गाळून कापसाच्या बोळ्यानं पडद्यावर पातळ पुसलं. वाजलं! पण चार दिवसांनी आवाज बसला. ते दुष्काळाचं साल, हवेत ओल म्हणून नव्हती, लेप ठणठणीत वाळला होता. मग रिठ्यात दोन थेंब ग्लिसरीन घातलं, थंडीत ओठ फुटू नयेत म्हणून लावतो ते. त्यानंतर आवाज बसला नाही. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. असलंच तर ते पुस्तक लिहिणाऱ्याला बायको असणार.

उघड्या यंत्रात हात घालायचा तो एकच, दुसरा पाठीमागं, हा यांनी शिकवलेला नियम. दोन्ही हात आत गेले आणि झटका बसला तर तो काळजातून जातो. मी डावा हात पदरासकट कमरेला खोचायची. बटण बंद केल्यावरही आत वीज दबा धरून असते, ती आधी स्क्रूड्रायव्हर टेकवून काढायची. फाट्ट असा आवाज व्हायचा आणि सासूबाई आतून ओरडायच्या, "मेली का ग?" मी म्हणायची, "न्हाई अजून!"

पौषात एका दुपारी दोन्ही खोकी जोडून यांनी सनईची एक तबकडी लावली. आधी काहीच नाही. मग एक श्वास. सनईवाल्यानं फुंकर घालण्याआधी घेतलेला. मी दचकून मागं बघितलं, वाटलं खोलीत कुणी आलं. नंतर सूर आला तो त्या खोक्यांतून आलाच नाही, समोरच्या भिंतीच्या जागी एक माणूस बसून वाजवत होता. त्याचं नख लाकडावर वाजलेलं ऐकू आलं.  सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, तबकडी संपेपर्यंत हलल्या नाहीत, आणि मग म्हणाल्या, "दूध उतू गेलं वाटतं." त्या दूध चुलीवर तसंच ठेवून आल्या होत्या. त्या बाईच्या हातून दूध उतू गेलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

माघात लग्न. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कडबा अंथरून खोकी देवळालीला गेली. बरोबर हे, आणि मानाचं बोलावणं म्हणून सासूबाई. मी घर राखायला मागं. टेबल कधी पुढं मांडायचं विचारलं तर म्हणाले, "परत आलो की लगीच."

आता ऐका. सासूबाई लग्नघरी जेवल्या, पान खाल्लं, आणि बागायतदाराच्या म्हाताऱ्या आईजवळ टेकल्या. खोकी देव्हाऱ्याशेजारी मांडली होती. दुसऱ्या दिवशी खंडोबाचं जागरण होतं. म्हातारीनं विचारलं, केवढं काम असंल नाही? आणि माझ्या सासूनं, जिनं सात वर्षांत माझ्या भाकरीलासुद्धा बरं म्हटलं नव्हतं, तिनं आयुष्यात एकदाच माझं कौतुक केलं. म्हणाली, "माझ्या सुनंचा हात हाय त्यो. लई जिद्दीची. बाहेरची बसली तरी काम सोडलं न्हाई बघा, त्या चार दिसांत तर जास्तच करती."

झालं.

म्हातारीनं म्हणे कानांवर हात ठेवले. देव्हाऱ्याशेजारी विटाळ! पाव्हणे जेवून पांगेपर्यंत ती दम धरून बसली. हे आणि सासूबाई संध्याकाळच्या एस.टी.नं निघाले, आणि मग तिनं आधी खोक्यांवर गोमूत्र शिंपडलं. तेवढ्यानं समाधान होईना म्हणून गड्याकडून दोन घागरी पाणी खोक्यांच्या डोक्यावर ओतवलं. ओल्या फडक्यानं जाळ्या घासल्या. वर मूठमूठ भंडारा उधळला, तो भोकांतून आत गेला आणि ओल्या पडद्यावर हळदीचा लगदा बसला. आमच्याकडे नळाला करंगळीएवढी धार, ती पण दिवसाआड. खेडोपाडी बाया घागरीसाठी एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या. आणि इथं दोन घागरी पाणी कशासाठी, तर माझा हात धुऊन काढायला! 

मग घरच्यांनी बटण दाबलं. कडाड आवाज, धूर, आणि जळक्या हळदीचा वास. नशीब कुणाला लागलं नाही. म्हातारी म्हणाली, "बघा, विटाळानं फुटलं."

दोन दिवसांनी जीप आली. तिघांनाही बोलावलं होतं. अंगणात बागायतदार बाजेवर बसलेले, चार-सहा भाऊबंद भोवती. मला आणि सासूबाईंना फाटकाच्या बाहेर थांबवलं. आत जायला यांना एकट्यांनाच परवानगी. फाटकातून सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. खोकी उन्हात उघडी पडली होती, पिवळी जर्द, माशा बसलेल्या.

बागायतदार म्हणाले, "खरं सांग. बायकोचा हात लागलाय का?"

यांनी टोपी काढून हातात घेतली.

"न्हाई म्हनत असशील तर उचल बेलभंडार. आमचा सवाल मिटला. मशीन पुन्यांदा करून दे, आन हितल्या समद्या सोसायट्यांचे कर्णे, रेडिओ तुझ्याकडंच येतील."

ताम्हणात बेलाची पानं आणि भंडारा आधीच तयार होता. यांनी एकदा फाटकाकडं बघितलं. माझ्याकडं नाही, माझ्या पायांकडं. मग ओंजळीत बेलभंडार उचलला आणि म्हणाले, "खंडोबाची आन. माझ्या बायकोचा हात या मशीनला लागलेला न्हाई. समदं म्या एकट्यानं केलं."

मला कसं वाटलं ते सांगते. पाल उचलताना वाटलं होतं तसं. फक्त चिमटा नव्हता. शेजारी सासूबाई पुटपुटल्या, "खोटं, खोटं बोलला," आणि भिंतीचा आधार घेऊन खाली बसल्या.

खोकी परत आमच्या दुकानात आली. ट्रॉलीतून उतरवून झाल्यावर हे मला म्हणाले, "पंधरा दिवसांत द्यायचंय. चिंचोके काढ."

"मी?" मी म्हणाले. "माझा हात कसा लागंल? तुमी बेलभंडार उचललाय. मी हात लावला तर तुमची आन खोटी पडंल. देवाच्या कोपाला मी कारन व्हनार न्हाई."

"अगं, त्यो येळ मारून न्यायचा हुता. पोटासाठी..."

"पोट भरा की मग. समदं तुमी एकट्यानं केलंय ना? पुन्यांदा करा."

हे रागावले. मग विनवणी झाली, मग सासूबाईंना मधे घातलं. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या तोंडानं एक डाव वाटोळं झालंय, आता मी तोंड उघडत न्हाई." यांनी एकट्यानं करून बघितलं. हळद पुसता पुसता लेप गेला. नवा पडदा ताणला तो एका बाजूनं ढिला, वाजवला की नुसता फरफरायचा. ट्रान्सफॉर्मरचे वेढे मोजताना कुणी हाक मारली की आकडा हरवायचा. रिठा किती, ग्लिसरीन किती, हे यांना माहीतच नव्हतं, आणि मी काही सांगितलं नाही. गिऱ्हाइकांसमोर अजूनही माझ्याबद्दल ते नावालासुद्धा बोलत नव्हते.

पण खरं सांगायचं तर मीही काही धुतल्या तांदळाची नव्हे. त्या पंधरा दिवसांत माझे चार दिवस आले. पडद्यामागं बसले, समोर जुनी चौकट, उरलेलं प्लास्टिक, आणि कानात त्या सनईवाल्याचा श्वास. राहवेना. मी एक पडदा ताणला. रिठ्याचा लेप दिला. ट्रान्सफॉर्मरही गुंडाळून मेणात बुडवून ठेवला. सगळं बाजेखाली पोत्यानं झाकून ठेवलं. मनात म्हटलं, यांनी एक वाक्य बोलावं. फक्त एक वाक्य, चार माणसांत. मग हे काढून देते.

पंधराव्या दिवशी बागायतदार जीपमधून उतरले. बाजारचा दिवस, दुकानात माणसांची ये-जा. एक हात खोक्यावर टेकवून ते म्हणाले, "काय कारागीर, झालं का?"

यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाले, "अण्णा, मला येत न्हाई."

"येत न्हाई म्हंजी? तूच केलं हुतंस ना?"

"न्हाई. तिनं केलं हुतं. बायकोनं. सुरवातीपासून समदं तिनंच. मी बेलभंडार खोटा उचलला."

 मी पडद्याआड उभी होते. बोलले! बाई ग, बोलले हे! मी धावत बाजेपाशी गेले, पोतं भिरकावलं, ताणलेली चौकट दोन्ही हातांत धरली आणि तो मेणचट पडदा खांद्यानं सारून आयुष्यात पहिल्यांदा भर दुकानात, सगळ्यांसमोर आले. म्हणाले, "अण्णा, तयार हाय. दोन दिसांत पुन्यांदा वाजतं करते. पयल्यापेक्षा ग्वाड वाजंल."

बागायतदारांनी माझ्याकडं बघितलंच नाही. त्यांनी खोक्यावरचा हात उचलला, जणू खाली काही वळवळलं, आणि तो हात धोतराला पुसला. एकदा पुसला. मग उलटा करून परत पुसला. ड्रायव्हरला म्हणाले, "गाडीत टाक ते." मग यांना म्हणाले, "वाजवायची गरज न्हाई. मुकंच बरं."

खोकी गेली. पुढं कळलं की त्यांच्या बैठकीत ती अजून उभी आहेत, वर विणलेले रुमाल. येणाऱ्या-जाणाऱ्याला विलायती म्हणून दाखवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी काही न बोलता माझं टेबल उचलून पुढं दुकानात मांडलं. मी बसले. काही गिऱ्हाइकं तुटली, काही राहिली. देवळालीकडचं काम पुन्हा कधी आलं नाही. यांनी त्यानंतर खंडोबाचा भंडारा कपाळाला लावला नाही, आणि मीही यांना माफ केलं असं कधी तोंडानं म्हटलं नाही. त्या धोतराला पुसलेल्या हाताची शिसारी मात्र गेली नाही ती नाहीच. लोक रेडिओ द्यायला हात पुढं करतात तेव्हा अजून मी आधी त्यांचे हात बघते.

तो ताणलेला पडदा माझ्या टेबलामागं भिंतीला आहे. एकट्या पडद्याचा काही उपयोग नाही, पण धूळ फार ओढतो, म्हणून आठवड्याला पुसते. त्यात वीज नाही हे मला पक्कं माहीत आहे. तरी पुसायच्या आधी डावा हात पदरासकट कमरेला खोचते.